मराठीत हाताने लिहिलेलं मृत्युपत्र, कॅलिफोर्नियातलं प्रोबेट (मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करण्याची प्रक्रिया)

प्रश्न: सांता क्लारा काउंटीत भाऊ वारला, वहिनी आधीच गेली. मृत्युपत्र मराठीत, त्याच्याच हाताचं, सही आहे, साक्षीदार नाहीत. पुतण्या 13 वर्षांचा. काय काय भरायचं?

उत्तर 1: साक्षीदार नसले तरी चालतं, फक्त महत्त्वाचा मजकूर आणि सही त्याच्याच हाताची हवी. त्यासाठी डीई-135 हा फॉर्म, त्याचं अक्षर ओळखणाऱ्याच्या सहीने. मूळ कागद मृत्यू कळल्यापासून 30 दिवसांत कोर्टात जमा करा आणि स्टेपलची पिन कृपा करून काढू नका. पानं बदलली का, असा संशय येतो. मुख्य अर्ज डीई-111. त्याला इंग्रजी भाषांतर लागतं, सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र: भाषांतर अचूक आहे आणि आपली पात्रता काय. नुसतं भाषांतर जोडलं तर अर्ज अडकतो.

उत्तर 2: पुतण्याच्या पालकत्वाचा अर्ज वेगळा, जीसी-210. मृत्युपत्रात तुमचं नाव पालक म्हणून असलं तरी कोर्टाचा आदेश लागतोच. लोक चुकतात ते नोटिशीत. 12 वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या मुलाला ती हातात द्यावी लागते, आणि आजी-आजोबा पुण्यात असले तरी त्यांनाही सुनावणीच्या किमान 15 दिवस आधी पाठवावी लागते. एक नाव राहिलं की तारीख पुढे. त्यापेक्षा जीसी-211 या संमतीच्या फॉर्मवर आजी-आजोबांच्या सह्या घ्या. संमती दिली की त्यांना नोटीस लागत नाही.

उत्तर 3: आधी मालमत्ता मोजा. मृत्यू 1 एप्रिल 2025 ला किंवा त्यानंतरचा आणि एकूण 2,08,850 डॉलरच्या आत असेल, तर बँक खात्यांसाठी 40 दिवसांनंतर प्रतिज्ञापत्रावर काम होतं, पूर्ण प्रोबेट नको.