खिडकीवरची तिरकी भेग: गिलाव्याची की भिंतीची?

प्रश्न
मी घेऊ इच्छित असलेल्या विटांच्या जुन्या घराच्या पाहणी-अहवालात "पूर्वी हालचाल झाली असावी, सध्या चालू दिसत नाही" एवढेच म्हटले आहे. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून छताकडे एक तिरकी भेग गेली आहे. ती खाली केसाएवढी, तर वर साधारण ३ मिमी रुंद आहे. ती केवळ गिलाव्याची आहे की भिंतीची, हे कसे ओळखावे?

उत्तर १
त्याच जागी भिंतीच्या बाहेरच्या अंगालाही भेग दिसते का, ते आधी पाहावे. गिलावा आकसल्याने पडणाऱ्या भेगा बारीक आणि जाळीदार असतात. आपली भेग तशी वाटत नाही. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांशी ताण एकवटतो, म्हणून भिंत हलली की भेग बहुधा तिथूनच निघते. घराचा कोपरा खचला तर ती वरच्या बाजूला अधिक उघडते, आणि भिंतीचा मधला भाग खचला तर खालच्या बाजूला. म्हणून नुसत्या ३ मिमीपेक्षा ती वर रुंदावते, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते.

उत्तर २
हालचाल थांबली आहे की नाही, हे एका दिवसाच्या पाहणीत ठरत नाही. कडा बोथट आणि आत धूळ व जुना रंग असेल तर भेग जुनी. कडा धारदार आणि स्वच्छ असतील तर ताजी. तरीही खात्री मोजमापानेच होते. भेगेच्या दोन्ही बाजूंना विटेत एकेक स्क्रू बसवून त्यांच्यातील अंतर व्हर्नियर कॅलिपरने दरमहा, निदान वर्षभर नोंदवावे. माझ्या घरातली भेग कोरड्या महिन्यांत रुंदावे आणि ओल्या महिन्यांत जवळपास मिटे. पायाखालची चिकणमाती आकसते-फुगते, हे त्या नोंदींवरूनच कळले. त्याआधी ती दोनदा भरून घेतली होती आणि दोन्ही वेळा ती पुन्हा फाटली.

प्रश्नकर्ता
आज बाहेरून पाहिले. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी भेग गेली आहे. त्याच कोपऱ्यात पावसाच्या पाण्याच्या पाइपचा जोड सुटलेला असून तिथली माती भिजलेली आहे. आतले दारही चौकटीला घासते.

उत्तर १
मग ही भेग भिंतीचीच आहे. पायाशी मुरणाऱ्या पाण्याने माती मऊ होते किंवा वाहून जाते, त्यामुळे पाइप लगेच दुरुस्त करायला सांगावे. मात्र वर्षभराच्या नोंदी हाती नसताना व्यवहार करायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून त्या कोपऱ्यात खड्डा घेऊन पाया आणि खालची माती तपासून घ्यावी, आणि "सध्या चालू दिसत नाही" हे कशाच्या आधारावर लिहिले, ते अहवाल देणाऱ्याकडून लेखी मागावे.