डेंटलला जायचंय, मग आधी मेजर कुठला? तुमच्या घरचे अनुभव लिहा

मेघना_एडिसन:
आज बेसमेंट आवरताना लेकीने केलेली भाजक्या मातीची दाढ हाती लागली. नारळाएवढी, मुळांसकट. कॉलेजात तिने शिल्पकला मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, घेतलं होतं. "दातांची डॉक्टर व्हायचंय ना, मग माती काय मळत बसलीस?" असं मी भर दिवाळीत पाहुण्यांसमोर म्हणाले होते. ती ताटावरून उठून गेली. आज ते सगळं आठवलं आणि पायरीवरच बसले.

इथे अमेरिकेत डेंटल स्कूल पदवीनंतर, आणि ती पदवी कशातलीही चालते, हे मला पटतच नव्हतं. बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स लॅबसकट व्हायला हवं, बऱ्याच ठिकाणी बायोकेमही. तिने स्टुडिओ सांभाळून ते केलं. डॅट ही डेंटलची प्रवेश परीक्षा, त्यातला पॅट हा भाग, म्हणजे कागदाच्या घड्या, ठोकळे, कोन, ६० मिनिटांत ९० प्रश्न, तिला सगळ्यात सोपा गेला. आता प्रॅक्टिस करते. तुमच्याकडे काय झालं?

आनंद_फ्रीमाँट:
आमचं उलटं. मुलाला इतिहास हवा होता, मी बायो घ्यायला लावलं. वरच्या वर्षांचे कोर्स झेपेनात, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ४ पैकी ३.१. अर्जात सायन्सचा जीपीए वेगळा दिसतो, तो त्याहून खाली. मग एक वर्षाचं मास्टर्स केलं, तेव्हा प्रवेश मिळाला. तो मला एका शब्दाने बोलला नाही. त्याचंच जास्त लागतं.

स्नेहल_ह्यूस्टन:
आनंददादा, त्या वेळी जे कळत होतं तेच केलंत ना. मिळाला ना प्रवेश, झालं तर!
आमच्या धाकट्याचं स्पॅनिश. इथे पेशंट त्याच्याशी घरच्यासारखे बोलतात. पण डेंटलच्या पहिल्या वर्षी अ‍ॅनॅटॉमीने रडवलं हो. बायोवाल्या मुलांच्या कानावरून निदान ते शब्द गेलेले होते. हेही सांगायला हवं. कुकर झाला, नंतर लिहिते.

रसिका_बीडीएस:
आम्हाला कुठलं मेजर! १९९४, बारावी, पीसीबीचे मार्क. एमबीबीएस दोन मार्कांनी हुकलं म्हणून बीडीएस. सतराव्या वर्षी आयुष्याचा निकाल. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचो, जेवताना नखात मेण. इथे आल्यावर पुन्हा परीक्षा, पुन्हा २ वर्षं कॉलेज. वर्गात एक मुलगी संगीत शिकून आलेली, एक मुलगा अकाउंटिंगचा. फार हेवा वाटला मला त्यांचा.
मेघना, दाढेला मुळं किती?

मेघना_एडिसन:
तीन. दोन एका बाजूला, एक दुसरीकडे.

रसिका_बीडीएस:
म्हणजे वरची! खालच्या दाढेला सहसा दोनच असतात. पोरीने बघून केलंय. टाकू नकोस गं ती.

टोरांटोची_मावशी:
आमच्या कॅनडात डॅटला पूर्वी साबण कोरायला लावायचे, आता बंद झालंय. भाच्याने इतके साबण कोरले की वर्षभर आम्ही त्याच तुकड्यांनी हात धुतले 😄 त्याचं मेजर आता आठवत नाही, साबणाचा वास आठवतो.

अमोल_के:
मावशी, मी पण लहानपणी खडूचा गणपती कोरायचो. अजून आईकडे आहे, चिपळूणला.

शिल्पा_नववीची_आई:
एपीचं, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या कोर्सचं, क्रेडिट चालतं का? आणि ते ३+४ वालं काय असतं?

स्नेहल_ह्यूस्टन:
आले परत. शिल्पा, काही डेंटल शाळा एपी धरतात, काही म्हणतात वरचा कोर्स घ्या. प्रत्येकीचं वेबसाइटवरचं पान उघडून बघ. ३+४ म्हणजे तीन वर्षं कॉलेज, चार डेंटल, जागा आधीच ठरलेली. पण सतराव्या वर्षी ठरवायचं म्हणजे रसिकासारखंच झालं की. त्यापेक्षा आत्ता सुट्टीत एखाद्या डेंटिस्टकडे बसू दे तिला, रक्त-लाळ बघू दे. पुढे अर्जातही ते तास विचारतात. आणि अर्ज जूनमध्ये घेणं सुरू झालं की लगेच पाठवायचा, जागा भरत जातात.

आनंद_फ्रीमाँट:
शिल्पाताई, तिला काय वाचायला आवडतं ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

शिल्पा_नववीची_आई:
नकाशे. दिवसभर नकाशे काढते.

रसिका_बीडीएस:
मग पॅटची काळजी सोड!

मेघना_एडिसन:
लेकीला दाढेचा फोटो पाठवला. अजून बघितला नाही, पेशंट असेल. संध्याकाळी फोन करून त्या दिवाळीबद्दल बोलणार आहे.