एडी अचानक गेले, आता काय पाहायचं? (अनुभव धागा)

२०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॉलेज खेळांत एक साखळीच लागली. ओहायो स्टेटनं टेक्सास ए अँड एमचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (एडी, म्हणजे विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा प्रमुख) रॉस ब्योर्क नेले. ए अँड एमनं १३ मार्चला नेब्रास्काचे ट्रेव्ह अल्बर्ट्स उचलले. आठवड्याभरात नेब्रास्कानं वॉशिंग्टनचे ट्रॉय डॅनन घेतले आणि महिना संपायच्या आत वॉशिंग्टननं वॉशिंग्टन स्टेटचे पॅट चुन.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: एडी म्हणजे आपल्याकडचा जिमखानाप्रमुख नव्हे. कोचचे करार, स्टेडियमची बांधकामं, देणग्या, तिकिटं, कोट्यवधी डॉलरांचं अंदाजपत्रक, सगळं त्याच्या हाताखालून जातं. असा माणूस एका दुपारी निघून गेला की चाहते पेटतात, आणि ते रास्तच आहे. इथे मात्र पुढच्या वेळी दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं लिहा. काय तपासावं, कुठे मागावं, कुठे फसायला होतं? नुसत्या स्वतःच्या हकिगती नकोत.

लिंकन, नेब्रास्का

सगळ्यात आधी पत्रकातलं क्रियापद वाचा. ‘राजीनामा दिला’, ‘कारणासह काढलं’, ‘विनाकारण काढलं’, ‘परस्परसंमतीनं वेगळे झाले’ या चारांत पैसा वेगवेगळ्या दिशेनं वाहतो. विनाकारण, म्हणजे करारभंगाचा ठपका न ठेवता, काढलं तर विद्यापीठ देणं लागतं. माणूस मुदतीआधी स्वतः निघाला तर करारातली भरपाई त्याच्याकडून येणं असते, आणि ती बहुधा नवा मालकच भरतो. ‘परस्परसंमती’ दिसली की वेगळा समझोता-करार बहुधा असतो. तो मागवल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरं म्हणजे एडीचा वरिष्ठ कोण आहे ते पाहा. अल्बर्ट्स इथलेच, फुटबॉलमधले लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू), त्या जागेसाठीचा १९९३ चा बटकस पुरस्कार मिळवलेले. मेमोरियल स्टेडियममध्ये महिला व्हॉलीबॉलला ९२,००३ प्रेक्षक आणणारा ३० ऑगस्ट २०२३ चा दिवस त्यांच्याच कारकिर्दीतला. २०३१ पर्यंतची मुदतवाढही ताजी होती. तरी ते गेले. त्याआधी विद्यापीठाचे अध्यक्ष टेड कार्टर ओहायो स्टेटला गेले होते आणि ती खुर्ची हंगामी माणसाकडे होती. वरची खुर्ची रिकामी असताना खालच्याच्या मुदतवाढीवर विसंबू नये. तिसऱ्याच दिवशी ‘गद्दार’ म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय, की खरी खूण दोन-तीन महिने आधीच दिसत होती.

कॉलेज स्टेशन, टेक्सास

एडी जातो, त्यानं केलेले करार मागे राहतात. इथल्या ए अँड एमचे फुटबॉल कोच म्हणून जिम्बो फिशर यांना २०१७ च्या डिसेंबरात दहा वर्षांच्या, साडेसात कोटी डॉलरांच्या करारावर आणणारे एडी स्कॉट वुडवर्ड २०१९ मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेले. २०२१ ची मुदतवाढ ब्योर्क यांच्या काळातली. १२ नोव्हेंबर २०२३ ला फिशरना काढलं, तेव्हा साडेसात कोटींहून जास्त देणं निघालं: सुमारे १.९ कोटी ६० दिवसांत, बाकी २०३१ पर्यंत दरवर्षी ७२ लाख. दोन महिन्यांनी ब्योर्कही निघाले.

म्हणून एडी बदलला की मुख्य कोचचा करार उघडा आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, उरलेल्या पगाराची हमी किती टक्के. दुसरी, काढल्यावर कोचनं नवी नोकरी शोधायची सक्ती आहे का, आणि तिथला पगार देण्यातून वजा होतो का. फिशर यांच्या करारात हे दोन्ही नव्हतं, म्हणून आकडा तसाच राहिला. तिसरी, एडी किंवा अध्यक्ष गेल्यास कोचचा बायआउट (मुदतीआधी निघताना द्यायची भरपाई) कमी होईल असं कलम. असं कलम काही करारांत असतं. असेल तर एडीच्या राजीनाम्यानं कोच स्वस्तात उचलता येतो, आणि ते बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. मूळ करार वाचून थांबू नका. खरे बदल पुरवणी-करारांत असतात.

सिअ‍ॅटल

इथे वॉशिंग्टन विद्यापीठात सात महिन्यांत दोन एडी गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये जेन कोहेन यूएससीला (लॉस एंजेलिसचं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ), मार्चमध्ये डॅनन. मधल्या जानेवारीत फुटबॉलच्या अजिंक्यपदाचा सामना हरल्यावर चारच दिवसांत कोच केलन डीबोअर अलाबामाला. डॅनन गेले तेव्हा बास्केटबॉलचा नवा कोच शोधणं चालू होतं.

खेळाडूंबद्दल घबराट पसरते, म्हणून स्पष्ट करतो: एडी गेल्यानं खेळाडूंना बदलीची खिडकी (दुसऱ्या विद्यापीठात जायची मुभा असलेले दिवस) उघडत नाही. मुख्य कोच बदलल्यावर उघडते. २०२४ मध्ये ती ३० दिवसांची होती. नियम सारखे बदलतात, त्या वर्षीचा पाहा.

कागदपत्रं मागवताना ‘सगळे ईमेल द्या’ असं लिहिलंत तर महिनोन् महिने वाट पाहाल. कागदाचं नाव लिहा: सहीचा करार, सर्व पुरवण्या, राजीनाम्याचं पत्र, समझोता-करार, भरपाईचा पत्रव्यवहार अमुक ते अमुक तारखेपर्यंत. प्रत्येकासाठी वेगळा अर्ज केला तर सोपा कागद अवघडासाठी अडकत नाही. वॉशिंग्टनच्या माहिती मागण्याच्या कायद्यात पाच कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नेब्रास्कात चार. पण उत्तर म्हणजे कागद नव्हे. ‘अर्ज मिळाला, अमुक तारखेपर्यंत देऊ’ हेही कायद्यानं उत्तरच ठरतं. ती तारीख टिपून ठेवा आणि उलटली की त्याच दिवशी लिहा.

लॉस एंजेलिस

कागद मागवण्याचं वरचं सगळं सरकारी विद्यापीठांपुरतं. यूएससीसारख्या खासगी ठिकाणी हा कायदा लागू नाही. तिथे फक्त फॉर्म ९९० चा (ना-नफा संस्थांचं सार्वजनिक करविवरण) आधार, आणि तो मुदतवाढी धरून आर्थिक वर्ष संपल्यावर साडेदहा महिन्यांपर्यंत येऊ शकतो. त्यातले पगार कॅलेंडर वर्षाचे असतात, बाकी हिशेब आर्थिक वर्षाचा. दोन्ही एकत्र करून बेरीज करणारे हमखास चुकतात.

डॅलस

विमानं बघणाऱ्यांसाठी थोडकं. विद्यापीठाचं विमान अमुक गावी उतरलं म्हणजे नवा एडी ठरला असं नाही; तेच विमान देणगीदारांकडे आणि खेळाडू निवडीलाही जातं. भाड्याच्या विमानावरून प्रवासी कळत नाही. शिवाय मालक विनंती करून आपलं विमान सार्वजनिक माग-संकेतस्थळांवरून लपवू शकतो. संचालक मंडळाच्या बैठकीची सूचना जास्त भरवशाची. विषयपत्रिकेत ‘कर्मचारीविषयक बाब, बंद सत्र’ दिसलं तर लक्ष ठेवा.

पुलमन, वॉशिंग्टन

मोठ्या गावांना तोटा झाला, आमच्या वॉशिंग्टन स्टेटचं घर उघडं पडलं. पॅक-१२ ही आमची पश्चिमेकडच्या विद्यापीठांची साखळी मोडून तिच्यात दोनच विद्यापीठं उरणार होती. बास्केटबॉल संघ २००८ नंतर प्रथमच एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत पोचला आणि लगेच कोच काइल स्मिथ स्टॅनफर्डला गेले. त्याच आठवड्यात चुन प्रतिस्पर्ध्याकडे, सिअ‍ॅटलला. अ‍ॅन मॅकॉय यांनी आधी हंगामी, मग जूनपासून कायम जबाबदारी घेतली.

अशा वेळी रागानं सीझन तिकीट रद्द करणं हा सगळ्यात महागडा निषेध. बहुतेक ठिकाणी तिकिटांचं नूतनीकरण वसंतातच असतं, म्हणजे बातमी आणि शेवटची तारीख एकत्र येतात. सलग वर्षांचे प्राधान्य-गुण एकदा तुटले की जागा पुढच्या माणसाला जाते, आणि परत येताना रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं. हप्ते पाडून घ्या, दोन जागांची एक करा, पण खातं बंद करू नका. जागेच्या हक्कासाठी दिलेल्या देणगीवर २०१८ पासून करवजावट मिळत नाही (आधी ८० टक्के मिळे), तेव्हा ‘कर तरी वाचेल’ हा हिशेब धरू नका.

बांधकामासाठी शब्द दिला असेल तर कागद पुन्हा वाचा. नेब्रास्कात स्टेडियमच्या ४५ कोटी डॉलरांच्या नूतनीकरणाचा आराखडा ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाला होता, आणि नवे एडी आल्यावर तो पुन्हा तपासायला घेतला गेला. पैसा कशासाठी, काम अमुक वर्षापर्यंत सुरू झालं नाही तर तो कुठे वळवायचा, आणि त्यासाठी तुमची लेखी संमती लागेल का, ही तीन वाक्यं सही करण्याआधी कागदावर हवीत. तोंडी शब्द देणारा एडी गेला की नव्याला तो माहीतही नसतो. आधीच सही झाली असेल तर हप्ता थांबवण्याआधी निधी-कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं काही धरू नका.