‘बापा, क्षमा कर’: पण कुणाला?

प्रश्न: आमच्या चर्चमध्ये युद्धग्रस्तांसाठी प्रार्थनासभा आहे. कॉव्हेंट्रीची समेटाची प्रार्थना मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी दोन शब्दांवर अडले आहे.

१४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडमधल्या या शहरावर बॉम्ब टाकले. सेंट मायकेल कॅथीड्रल जळालं, नुसत्या भिंती उरल्या. जळक्या तुळयांचा क्रूस बांधला गेला, ढिगाऱ्यातल्या जुन्या खिळ्यांचा दुसरा. तिथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी वेदीमागच्या भिंतीवर दोनच शब्द कोरून घेतले, ‘फादर फर्गिव्ह’. १९५८पासूनच्या प्रार्थनेत प्रत्येक ओळीनंतर लोक तेच म्हणतात. लूक २३:३४मध्ये क्रूसावरून प्रभू म्हणतो, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’. भिंतीवर ‘त्यांना’ नाही.

मी ‘बापा, क्षमा कर’ लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे. आपल्या पापांची माफी मागतात ना?” तिला शत्रू दिसलाच नाही. मराठीत नुसतं ‘क्षमा कर’ म्हटलं की म्हणणाराच माफी मागतोय असं वाटतं. मग ‘त्यांना’ घालू, ‘आम्हांला’ घालू की ‘आपल्याला’?

प्रतिसाद: ‘आपल्याला’ नको, ताई. ‘आपण’मध्ये ऐकणाराही येतो, आणि इथं ऐकणारा देव आहे. म्हणून तर प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्हांस’ आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ (यातलं ‘आपल्या’ म्हणजे ‘स्वतःच्या’, ते वेगळं.)

प्रश्नकर्ती: खरंय. पण ‘आम्हांला’ म्हटलं की बॉम्ब टाकणारा बाहेर राहतो.

प्रतिसाद: मग सरळ ‘त्यांना’ घाला. वचनात आहे तो शब्द आपण का गाळायचा? ज्याचं घर जळलं त्यानं शत्रूचं नाव घेऊन क्षमा मागणं ही सोपी गोष्ट नाही. ‘आपल्या वैर्‍यांवर प्रीती करा’ ही आज्ञा नेमकी त्या ‘त्यांना’मध्येच पाळली जाते. सर्वनाम काढलंत तर माफी गुळगुळीत होईल.

प्रतिसाद: वरच्या म्हणण्यातली कळकळ समजते, पण मला ते पटत नाही. प्रभू ‘त्यांना’ म्हणू शकला, कारण तो निर्दोष होता. आपण ‘त्यांना’ म्हटलं की नकळत त्याच्या जागी जाऊन उभे राहतो. ही प्रार्थना सुरू होते रोमकरांस पत्रातल्या वचनानं, ‘सर्वांनी पाप केले आहे’. आणि फेब्रुवारी १९४५मध्ये जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर जळलं तेव्हा विमानं ब्रिटिश आणि अमेरिकन होती. युद्धानंतर कॉव्हेंट्रीनं खिळ्यांचा क्रूस जर्मनीतल्या कीलला दिला. ‘त्यांना’ कोरलेलं असतं तर तो देताना कोणत्या तोंडानं दिला असता?

प्रतिसाद: विषय थोडा सोडून विचारतो. म्हणजे ख्रिस्ती माणसानं लढायचंच नाही का?

प्रतिसाद: यावर चर्चचं एकमत कधीच नव्हतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १६६०मध्ये इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सला लिहून दिलं की आम्ही कुठल्याही कारणासाठी शस्त्र धरणार नाही. त्याच्या कितीतरी आधी संत ऑगस्टीननं न्याय्य युद्धाला जागा दिली होती. पण शहाण्या माणसाला अशा युद्धाचंही दुःखच होईल, असंही त्यानंच लिहिलं. दोन्ही बाजूंना ही प्रार्थना म्हणता येते. म्हणून भिंतीवर ‘त्यांना’ गाळणं मला फार मोलाचं वाटतं.

आता मूळ प्रश्न. ‘क्षमा’ला मराठीत दोन वाटा आहेत. अपराध्याला क्षमा करतात, तशी अपराधाचीही क्षमा करतात. तुम्ही ‘ला’मध्ये अडकला आहात, ‘ची’ वापरून बघा. इंग्रजीत प्रत्येक ओळीत पापाचं नाव येतं आणि मग ते दोन शब्द. मराठीत ते पाप षष्ठीत घ्या:

‘राष्ट्राराष्ट्रांत फूट पाडणाऱ्या द्वेषाची, बापा, क्षमा कर.’
‘जे आपलं नाही त्याच्या हव्यासाची, बापा, क्षमा कर.’

पुढारी पहिला भाग म्हणेल, मंडळी ‘बापा, क्षमा कर’ म्हणतील. ‘माफ कर’ मात्र नको. रोजच्या बोलण्यात धक्का लागला तरी आपण ‘माफ करा’ म्हणतो.

प्रश्नकर्ती: आत्ताच आईला पुन्हा वाचून दाखवलं. पहिल्या ओळीवरच तिनं थांबवलं आणि विचारलं, “द्वेष कुणाचा गं? त्यांचा की आपला?”

हेच छापायला देते.