वजनकाटा पुरे, की कमरेचा घेरही मोजायचा?

वैशाली_के: २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं सुटलेलं, अशी माणसं आपल्या घराघरांत आहेत. शुगर निघेपर्यंत सगळे म्हणतात, “बारीक तर आहे, याला काय होतंय?” प्रत्येक दवाखान्यात वजनाबरोबर कंबर मोजलीच पाहिजे. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमी ही मर्यादा ठरलेली आहे.

समीर७१: दोन माणसांच्या फोटोवरून कोट्यवधींचं ठरवायचं? कातडीखालची चरबी कुठली आणि आतड्यांभोवतीची कुठली, हे टेपला कळत नाही. बाळंतपणानंतर पोट सैल पडलेल्या बाईची कंबर ८२ भरली, की तिला घाबरवायचं का? सरळ रक्त तपासा.

वैशाली_के: नुसत्या फोटोवर कुणी काही ठरवलेलं नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास झाला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदम्प्टनची ३.५ किलोची. इथली बाळं सगळ्याच मापांत लहान, पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी त्या मानाने टिकून. आणि बारीक माणसाला रक्त तपासायला सांगतं कोण? घेर मोजला तरच डॉक्टर चिठ्ठी लिहितील.

आशाताई_सातारा: आम्ही आशा सेविका भरतो त्या फॉर्ममध्ये तिशीपुढच्या प्रत्येकाच्या कमरेचा रकाना आहेच. अडचण मोजण्यात आहे. पुरुष पँटचा नंबर सांगून मोकळे होतात, आणि पँट बांधलेली असते पोटाच्या खाली! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप धरायचा असतो. बायका म्हणतात, साडीवरूनच घ्या. निऱ्यांवरून कसलं माप येणार? आडोसा हवा, तो कुठेच नसतो.

समीर७१: बघा, रकाना असूनही माप चुकतंय. शिवाय चरबीचं गणित आईच्या पोटातच ठरत असेल, तर चाळिशीत टेप लावून काय साधणार? तो पैसा वयात येणाऱ्या मुलींच्या ताटात जाऊ दे.

वैशाली_के: मुलींना पोटभर, सकस मिळालंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्याचं फळ पुढच्या पिढीला. आज चाळिशीत असलेल्यांनी वाट बघत बसायचं का? आणि ताई, उपकेंद्राकडे पडदा मागा. नाहीच मिळाला, तर दोरीवर चादर टाकून माप घ्या, पण साडीवरून घेऊ नका.