मदत हवी आहे : पानशेतच्या पुराचा नकाशा संग्रहालयात कसा मांडावा?

नमस्कार.

पुण्यातील नदीकाठच्या पेठांचा इतिहास सांगणारे एक छोटे संग्रहालय आम्ही काही जण वर्गणीवर चालवतो. तिथल्या एका खोलीत १२ जुलै १९६१ च्या पुराचा नकाशा उभा करायचा आहे. येणाऱ्याने तो स्वतः हाताळावा, आपले किंवा आजोबांचे घर शोधावे आणि पाणी तिथवर कसे आले ते समजून घ्यावे, अशी इच्छा आहे. नकाशे, भूमापन किंवा प्रदर्शनाची मांडणी यांचा अनुभव असणाऱ्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण काम अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात भरत गेले आणि त्या दिवशी सकाळी फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या धरणात उतरले, आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेली तिथली दगडी भिंतही त्याच दिवशी गेली. मुठेकाठच्या शनिवार, नारायण आणि कसबा पेठांत पाणी शिरले, डेक्कन जिमखान्याचा भाग बुडाला, लकडी पूल पाण्याखाली गेला. शहराला पाणी खडकवासल्यातूनच मिळत असल्याने पूर ओसरल्यावर प्यायच्या पाण्याचेही हाल झाले.

गेल्या महिन्यात आम्ही सहा फूट बाय चार फुटांचा कागदी नकाशा टेबलावर पसरून जुन्या रहिवाशांना बोलावले होते. शनिवार पेठेत लहानपण गेलेल्या एक आजी बराच वेळ कागदावर तळहात फिरवत राहिल्या. त्यांना रस्त्यांची नावे सांगून काही उपयोग होईना. ओंकारेश्वराचे देऊळ सापडताच त्यांनी बोट तिथे टेकवले, मग सबंध कागद आपल्या बाजूला वळवून घेतला आणि म्हणाल्या, "आता नदी समोर आली. आमचा वाडा इथे." तेव्हापासून उत्तर दिशा वर ठेवण्याचा आग्रह आम्ही सोडला आहे. पेठेत उभे राहून नदीकडे तोंड केले की जे जिथे दिसते ते नकाशात तिथेच असावे, आणि खुणा देवळे, तालमी, हौद आणि पूल यांच्या असाव्यात, एवढे ठरले आहे.

खरी अडचण पाण्याच्या पातळीची आहे. काही जुन्या भिंतींवर पुराच्या खुणा आहेत आणि काहींना "दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत" असे स्पष्ट आठवते, पण या खुणा कशापासून मोजायच्या? साठ वर्षांत डांबराचे थरावर थर चढून रस्ते उंच झाले आहेत. रस्त्यापासून मोजले तर पूर आपोआप ठेंगणा ठरतो! इंटरनेटवर फुकट मिळणारी उंचीची माहिती तीस-तीस मीटरच्या चौकटींची असून तिच्यात घरांची छपरेही मिसळलेली असतात. पेठेतल्या बोळांसाठी ती वापरणे मला चुकीचे वाटते. ज्यांचे घर गेले त्यांच्यासमोर अंदाजाची रेघ खात्रीची म्हणून ठेवायला मन तयार होत नाही.

दुसरा प्रश्न पडद्याचा आहे. स्पर्शपडद्यावर नकाशा चालवून पाहिला, तेव्हा त्या प्रणालीत 'शनिवार'ची पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली आणि 'ओंकारेश्वर'मधले जोडाक्षर फुटले. शिवाय खोलीत इंटरनेट नाही. त्यापेक्षा लाकडी उठावाचा नकाशा करून त्यात दिवे आणि बटणे बसवावीत का?

तिसरे म्हणजे नकाशाची हद्द. पूरग्रस्तांपैकी अनेक कुटुंबे पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. पूर जिथे ओसरला तिथेच नकाशा संपवला तर निम्मी हकिकत राहून जाते, असे माझे ठाम मत आहे. मात्र इतका मोठा परिसर घेतला की पेठा नखाएवढ्या दिसू लागतात.

मृतांच्या जागा नकाशावर दाखवायच्या नाहीत, हा निर्णय पक्का आहे.

प्रतिसाद

आपण पडताळणीचा विचार आधी केलात हे वाचून बरे वाटले. मी पाटबंधाऱ्याच्या कामात अनेक वर्षे मोजणी केली आहे, त्यावरून लिहितो.

खुणा रस्त्यापासून मोजू नका, वाड्याच्या मूळ जोत्यापासून मोजा. मग प्रत्येक जोत्याची उंची लेव्हल यंत्र (उंचीतला फरक मोजण्याची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे कोरलेली उभी मोजपट्टी) लावून एकाच पक्क्या संदर्भबिंदूशी जोडा. सगळ्या खुणांवरून एकच सपाट पातळी मात्र काढू नका. वाहत्या पुराचा पृष्ठभाग उतरता असतो आणि पुलाच्या वरच्या अंगाला पाणी अडून फुगते, म्हणून लकडी पुलाच्या वरच्या आणि खालच्या खुणा वेगळ्या धरा. जिथे मोजलेली खूण आहे तिथे गडद ठिपका द्या आणि दोन खुणांमध्ये रेघेऐवजी फिकट पट्टा भरा. बघणाऱ्याला खात्रीचे काय आणि अंदाजाचे काय, ते न सांगता कळते.

अक्षरांचा प्रश्न सोपा आहे. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणकप्रणालीत नावांसकट नकाशा तयार करून त्याच्या चित्रफरशा, म्हणजे चौकोनी चित्रतुकडे, काढून घ्या आणि लीफलेट या वेबपानावर नकाशा दाखवणाऱ्या साधनाने ते साध्या ब्राउझरमध्ये दाखवा. अक्षरे आधीच चित्रात उमटलेली असल्याने वेलांटी हलणार नाही आणि इंटरनेटही लागणार नाही. तरी माझे मत लाकडी उठावाकडेच झुकते, कारण आजींना तळहात फिरवता आला पाहिजे. वसाहतींसाठी शेजारच्या भिंतीवर लहान प्रमाणाचा दुसरा नकाशा लावा आणि पेठेचे बटण दाबले की तिथला दिवा लागू द्या.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. दोन नकाशांची जोडणी आम्हाला सुचलीच नव्हती. जोत्याची मोजणी आम्ही या रविवारपासून सुरू करतो. शनिवार आणि नारायण पेठेत खुणा शिल्लक असलेले आठ वाडे आत्तापर्यंत सापडले आहेत, पैकी दोन पाडायला निघाले आहेत, तेव्हा सुरुवात त्या दोघांपासून करू. कुणाकडे लेव्हल यंत्र चार दिवसांसाठी मिळण्यासारखे असेल, किंवा लकडी पुलाच्या वरच्या अंगाच्या एखाद्या घरातली खूण माहीत असेल, तर कृपया इथेच कळवावे.