लिस्बनमध्ये ३ रात्री, सोबत ७५ वर्षांची आई: राहायचं कुठे?

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये आईला घेऊन फ्रँकफर्टला भावाकडे जातेय. तिथून ३ रात्रींसाठी आम्ही दोघीच लिस्बनला जाऊन येणार. व्हिसा आला, विमानाची तिकिटं झाली, घोडं अडलंय ते मुक्कामापाशी.

आई मूळची फोंड्याची. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ती ११ वर्षांची होती. सकाळी मराठी शाळा आणि दुपारी पोर्तुगीज शिकायला जायचं, असं तिचं दोन वर्षं चाललं. आता ती भाषा बोलता येत नाही, पण पोळ्या मोजताना अजूनही मध्येच 'उं, दोइश, त्रेश' करते. आजवर कुठल्याही सहलीत तिने 'मला इथे जायचंय' म्हटलं नव्हतं. लिस्बनचं तेवढं म्हणाली. त्यामुळे यात चूक व्हायला नको, असं फार वाटतंय.

अडचण गुडघ्यांची. सपाटीवर सावकाश दीडेक किलोमीटर चालते. जिना मात्र आडवी होऊन उतरते, कठडा दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. आणि दमली तरी सांगत नाही. पदर सारखा करत उभी राहिली की आपण ओळखायचं.

तीन जागा धरून ठेवल्यात, फुकटात रद्द करायची मुदत रविवारी संपते. पहिली अल्फामा या जुन्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावरचं छोटं घर, लिफ्ट नाही. खिडकीतून छपरं आणि पलीकडे तेजो नदी. आईने फोटो बघून हेच पसंत केलं, "पणजीच्या फोंताइन्याससारखं दिसतंय" म्हणाली. दुसरी बायशा या मधल्या भागात, रोसिओ चौकाजवळ, जुन्या इमारतीतलं हॉटेल. महाग आहे, आणि माहितीत 'लिफ्ट पहिल्या मजल्यापासून' असं लिहिलंय. तिसरी ओरिएन्त स्टेशनजवळ, नवं हॉटेल, मोठी खोली, विमानतळापासून मेट्रोचं तिसरं स्टेशन. पण तो सगळा भाग १९९८ च्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनासाठी उभा राहिलेला, आणि आईला बघायचंय जुनं लिस्बन.

जेवणाची काळजी नाही, ती मासे आवडीने खाते. कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन राहिलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

मी सहा वर्षं लिस्बनला राहतोय. अल्फामा रद्द करा, ताई. १७५५ च्या भूकंपात बायशा जमीनदोस्त झाली आणि ती पुन्हा सपाट, काटकोनात आखली गेली. अल्फामा मात्र जुन्याच वळणाची राहिली, म्हणून सुंदर आहे आणि म्हणूनच गुडघ्यांना वाईट. बऱ्याच गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या, टॅक्सी दारापर्यंत येत नाही. शिवाय फुटपाथवर सगळीकडे चुनखडीचे छोटे चौकोनी दगड बसवलेत, ते चालून चालून गुळगुळीत झालेत. मार्चमध्ये पाऊस असतो, उतारावर ते दगड ओले असले की तरुण माणसंही घसरतात. आईंसाठी रबरी तळव्याचे बूट आणाच.

रोसिओजवळचं घ्या, पण आधी हॉटेलला एकच विचारा: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती आणि कठडा आहे का? फोटो मागवा. उत्तर समाधानकारक नसेल तर साल्दान्या भागात बघा. तिथे तुलनेने सपाटी आहे आणि विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन थेट जाते.

वरून दिसणारं लिस्बन त्यांना नक्की दाखवा. रुआ दोश फांकेइरुशवर एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्यावर सोडते, थोडं चाललं की दुसरी लिफ्ट आणखी वर नेते. नाहीतर फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस किल्ल्याशी जाते. २८ नंबरच्या ट्रामच्या मागे लागू नका, पायरी उंच आणि गर्दी भयंकर, पाकीटमारही असतात. बेलेमला १५ नंबरची ट्राम घ्या, तिच्या नव्या गाड्या बुटक्या आहेत, चढायला सोप्या. तिथला जेरोनिमो मठ सोमवारी बंद असतो. हॉटेलात माणशी रात्रीला ४ युरो शहराचा कर वेगळा लागेल.

प्रतिसाद २

मार्तिम मोनिझला आपल्याकडचा किराणा मिळतो, रोसिओहून सपाट रस्त्याने थोड्या मिनिटांत पोचता. माझ्या सासूबाईंना तिथे कढीपत्ता बघून जो आनंद झाला!

धागाकर्तीकडून

दोघांचे मनापासून आभार. हॉटेलने लगेच फोटो पाठवला: लिफ्टपर्यंत ११ पायऱ्या, दगडी, कठडा एकाच बाजूला. आईला दाखवला. तिने बोट ठेवून पायऱ्या मोजल्या आणि "दिवसातून एकदा चढेन, एकदा उतरेन, जास्त नाही" म्हणाली. पण मग दुपारी विश्रांतीला खोलीवर येता येणार नाही, म्हणून साल्दान्याजवळ लिफ्ट थेट रस्त्याच्या पातळीवर असलेली खोली घेतली. अल्फामाचं बुकिंग रद्द करताना मला वाईट वाटलं, तिला नाही. वरून बघायची लिफ्ट आहे म्हटल्यावर तिने त्या रस्त्याचं नाव माझ्याकडून वहीत लिहून घेतलं.

आता एकच विचारायचंय. जेरोनिमोच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, ती तिला निवांत बघायची आहे. बाहेरची रांग सकाळी कमी असते की दुपारी?